इमॅजिकाला जाताय आणि पोर धड जेवत नाही? मग निघायच्या आधी हे वाचा

दीड ते चार वर्षांचं, मोजून पाच-सहा पदार्थ खाणारं आणि बाकी सगळ्याला तोंड वाकडं करणारं पोर घेऊन खोपोलीला इमॅजिका थीम पार्कला निघाला असाल तर आधी घरातल्या सगळ्यांना, आजी-आजोबांसकट, एक गोष्ट सांगून टाका. त्या दिवशी पोराला कुणीही जेवायला शिकवायचं नाहीये. नवीन काही चाखवायचं नाही, "एवढा एकच घास" नाही, वाटी संपवायची सक्ती नाही. त्या दिवशी फक्त तीन गोष्टी सांभाळायच्या, भुकेने रडारड होऊ नये, अंगातलं पाणी कमी पडू नये आणि रात्री पोट बिघडू नये. बाकी वरण-भात-भाजी-कोशिंबीर वगैरे सोमवारपासून घरी आहेच.

हे सांगायचं कारण म्हणजे आपल्याकडे पोर जेवलं नाही की आईचा दिवस गेला, आणि मग हजारो रुपयांची तिकिटं काढून आपण फूड कोर्टात वाटी-चमचा घेऊन पोरामागे फिरत बसतो. नवरा एकटाच रोलर कोस्टरवर जाऊन येतो आणि वर विचारतो, काय मग, खाल्लं का काही?

मुळात या वयात मुलं कमी खातात ते बरंचसं नैसर्गिकच असतं. पहिल्या वर्षात बाळाचं वजन जन्माच्या जवळजवळ तिप्पट होतं, म्हणजे ३ किलोचं बाळ वाढदिवसाला ९ च्या आसपास जातं, आणि त्यानंतर वर्षाला जेमतेम दोन-अडीच किलो वाढतं, मग भूक तेवढी कशी राहील. शिवाय दोन वर्षांच्या आसपास नवीन पदार्थाला नाही म्हणायची सवय अगदी जोरात असते, एखादी गोष्ट आठ-दहा-पंधरा वेळा समोर आल्यावर मग कुठे ती तोंडात जाते. आता त्यात पार्कातला धांगडधिंगा घाला. मोठ्याने गाणी, गर्दी, मोठ्ठा टबी हत्ती (तिथला मॅस्कॉट) येऊन शेकहॅण्ड करतोय, रायगडातला दमट उकाडा. घरी शांतपणे अर्धी पोळी खाणारं पोर तिथे पाव पोळी खाईल हे गृहीत धरूनच निघा.

सगळ्यात आधी फोन करा

भारतातल्या बहुतेक मोठ्या पार्कांत बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, इमॅजिकातही तसंच आहे, गेटवर पिशव्या तपासतात. लहान बाळाच्या खाण्याला साधारणपणे सवलत असते पण बाळ म्हणजे किती वर्षांपर्यंत आणि खाणं म्हणजे नक्की काय (सेरेलॅक चालतं पण पोळीचा रोल चालेल का), हे गेटवरच्या माणसाशी उन्हात उभं राहून वाद घालत ठरवण्यापेक्षा तिकीट काढायच्या आधी फोन करून विचारून घ्या आणि जमलं तर मेलवर लेखी उत्तर घ्या. मुलाला दूध, गहू, शेंगदाणा अशी कसली अ‍ॅलर्जी असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी सोबत ठेवाच, तिथे मग कुणी फार प्रश्न विचारत नाही. फोनवरच अजून दोन गोष्टी विचारा, एकदा आत गेल्यावर बाहेर गाडीपर्यंत येऊन परत आत जाता येतं का, आणि बाळाला दूध पाजायला, खाणं गरम करायला कुठे जागा आहे का. पहिल्याचं उत्तर हो आलं तर तुमचा निम्मा प्रश्न सुटला, कारण मग गाडी हेच तुमचं स्वयंपाकघर.

आणि कृपा करून डबा साध्या, छोट्या, पारदर्शक डब्यांत न्या. पाच कप्प्यांचा टिफिन बघितला की तपासणाऱ्याला वाटतं अख्ख्या खानदानाचं जेवण चाललंय. पोराच्या नावाचं लेबल लावलेली एक छोटी पिशवी, त्यात फक्त पोराचं. मोठ्यांसाठी काही लपवून नेऊ नका हो, त्यापायी पोराचाही डबा बाहेर राहायचा.

गाडीतला नाश्ता

पुण्याहून येणाऱ्यांनी घाट लक्षात ठेवा. बोरघाट उतरताना पोटभर दूध प्यायलेलं पोर म्हणजे सीट कव्हर धुवायची तयारी. गाडी लागणं साधारण दोन वर्षांनंतर सुरू होतं, त्याआधी फारसं होत नाही, त्यामुळे मागच्या वेळी काही झालं नव्हतं यावर जाऊ नका. निघताना एखादी खारी, टोस्ट किंवा अर्धं केळं एवढंच द्या, दूध घाट संपल्यावर. मोबाईलवर गाणी लावून मान खाली घालून बसवू नका, त्याने जास्त मळमळतं, समोर लांब बघायला लावा, ट्रक मोजा.

मुंबई-ठाण्याकडून येणाऱ्यांना घाट लागत नाही, त्यांची अडचण वेगळी. पहाटे झोपेतून उचलून गाडीत टाकलेलं पोर खालापूरपर्यंत झोपतं, मग उठल्या उठल्या खात नाही, आणि खायच्या मूडमध्ये येईपर्यंत आपण गेटच्या लाईनीत असतो. म्हणून अर्धा तास आधी पोचा. पार्किंगमध्ये गाडीचे दरवाजे उघडे टाकून, पोराला मांडीवर किंवा डिकीत बसवून दिवसातला सगळ्यात मोठा नाश्ता तिथेच द्या. तिथे कुणी पिशवी तपासत नाही, गाणी वाजत नाहीत, राईड दिसत नाही, आणि पोराला नुकतीच भूक लागलेली असते. माझ्या मते दिवसातलं निम्मं जेवण इथेच होऊन जायला हवं, मेतकूट-भात, तूप-साखर पोळी, उपमा, धिरडं, जे काय तुमच्याकडे चालतं ते. नंतर जे जाईल ते बोनस.

काय न्यायचं

पाच-सहाच पदार्थ खाणाऱ्या पोराला त्याच पाच-सहांतलं न्यायचं, यात डोकं लावायला काही नाही. फक्त त्यातलं गरम हवेत टिकणारं कोणतं ते बघायचं. शिजलेला भात, वरण, दूध, पनीर, उकडलेलं अंडं, हे साध्या डब्यात २ तासांच्या वर बाहेर नको, आणि हवा ३२ डिग्रीच्या वर असेल, म्हणजे एप्रिल-मे आणि ऑक्टोबर हीटमध्ये, तर १ तासच. त्यातही भात जास्त बदमाश, कारण शिजवल्यावरही त्यातले काही जंतूंचे बीजाणू तग धरतात आणि कोमट भातात वाढून जे विष करतात ते नंतर कितीही गरम केलं तरी जात नाही. दहीभात नेताना लोकांना वाटतं की दही म्हणजे थंड म्हणजे सुरक्षित, तसं काही नाहीये, आइस पॅक नसेल तर तो पण लवकरच संपवायचा.

गरम खिमट न्यायचंच असेल तर रुंद तोंडाचा छोटा स्टीलचा फूड फ्लास्क घ्या. आधी त्यात उकळतं पाणी भरून झाकण लावून दहा मिनिटं ठेवा, ते पाणी फेका आणि लगेच चटचटीत गरम खिमट काठोकाठ भरा, अर्धा फ्लास्क भरला तर लवकर निवतं. खिमट घरी असतं त्यापेक्षा बरंच पातळ करा कारण आतल्या आत ते घट्ट होत जातं आणि दोन तासांनी उघडलं की वडी पडते. तूप वेगळ्या छोट्या डबीत, मेतकूट वेगळ्या, वरून घालायचं. एकदा उघडून चमचा घातला की मग तासाभरात संपवा नाहीतर टाकून द्या.

पण मला विचाराल तर प्रवासाला दशमीसारखं काही नाही. आपल्या आज्या उगीच नाही दशम्या बांधून द्यायच्या. कणीक पाण्याऐवजी दुधात भिजवायची, पाण्याचा थेंब नाही. एक वाटी कणकेला चमचाभर साजूक तुपाचं मोहन, चिमूटभर मीठ, आणि गोड हवी असेल तर दोन-तीन चमचे चिरलेला गूळ कोमट दुधात विरघळवून त्यात भिजवायची. दूध कोमटच ठेवा, कडकडीत गरम असलं तर गुळाने फाटतं. सैल नको, पोळीच्या कणकेपेक्षा थोडी घट्ट. दहा मिनिटं झाकून ठेवा, मग जराशी जाड लाटा आणि मध्यम आचेवर तूप सोडून भाजा, मोठ्या आचेवर गूळ करपतो आणि कडवट लागतं, आणि एकदा कडवट लागलं की पोर पुढचे चार महिने दशमीकडे बघणार नाही. मुख्य गोष्ट ही की पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरायची नाही, वाफ धरली की ओलसर होते आणि चिकट लागते. गार झाल्यावर कात्रीने बोटाएवढ्या पट्ट्या कापा. बोटाएवढीच का, तर ती पोराच्या मुठीत धरून वरून थोडी बाहेर राहते, हात कसेही असले तरी वरचं टोक त्यातल्या त्यात स्वच्छ असतं, आणि खाली पडली तर एक पट्टीच जाते, अख्खी दशमी जात नाही. स्ट्रोलरमध्ये बसून खायला याहून सोपं काही मला तरी सापडलेलं नाही.

बाकी मग केळं (सालासकट, सोललेलं नाही, काळं पडलं की आमच्याकडे बाद), राजगिऱ्याचा मऊ लाडू, गुळपापडी खूप मऊ असेल तर, नाचणीची बिस्किटं, घरचं धिरडं, उकडलेल्या रताळ्याचे तुकडे (ही शेवटची दोन भातासारखीच लवकर संपवायची). दुधासाठी छोटे टेट्रापॅक बेस्ट, बंद असेपर्यंत फ्रीज लागत नाही, उघडलं की तेव्हाच प्यायचं, उरलं तर आई-बाबांपैकी कुणीतरी पिऊन टाका. दूध पावडरचं असेल तर पावडर वेगळी, गरम पाण्याचा थर्मास वेगळा, तयार बाटली घेऊन फिरू नका. आणि दुधावरच दिवस काढायचा मोह होतो, पोर जेवत नाहीये तर निदान दूध तरी जाऊ दे, पण दिवसभरात अर्ध्या लिटरच्या वर गेलं की उरलीसुरली भूक पण मरते.

दोन-तीन प्रकार पुरे. सहा डबे नेले की प्रत्येक डबा उघडून "हे नको, ते नको" असा दरबार भरतो.

वेळ सांभाळा, पदार्थ नंतर

एलिन सॅटर म्हणून अमेरिकेतल्या आहारतज्ज्ञ आहेत, त्यांची एक साधी वाटणी आहे, काय द्यायचं, कधी आणि कुठे ते आईबापांनी ठरवायचं, खायचं की नाही आणि किती ते पोराने. घरी हे जमायला अवघड जातं कारण आजी असते, पण पार्कात हे पाळलं तर सगळ्यांचा दिवस बरा जातो. यातला "कधी" फार महत्त्वाचा. दोन-सव्वादोन तासांनी एकदा नीट बसून खायला द्यायचं आणि मधल्या वेळात फक्त पाणी. आपण उलटं करतो, स्ट्रोलरमध्ये शांत बसावं म्हणून हातात बिस्किटाचा पुडा, मग चिप्स, मग फ्रूटी, आणि दोन वाजता जेवायला बसवलं की पोट भरलेलं आणि आपण डोक्याला हात लावतो.

दुपारचं जेवण पावणेबारालाच उरकून घ्या. हो, लवकर वाटतं, पण एक ते अडीच फूड कोर्टात पाय ठेवायला जागा नसते, डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या सहली असतात तेव्हा तर विचारू नका, ट्रे घेऊन टेबल रिकामं व्हायची वाट बघत उभं राहायचं आणि पोराची झोपेची वेळ झालेली. झोप आलेलं पोर भुकेलं असलं तरी खात नाही, हे लिहून घ्या. पावणेबाराला जेवण, साडेबाराला स्ट्रोलरवर ओढणी टाकून एसी असलेल्या एखाद्या शांत कोपऱ्यात झोप (वारं खेळेल अशी सैल टाका, सगळं बंद करू नका), तेवढ्यात मोठ्यांनी पाळीपाळीने जेवायचं आणि नायट्रो (तिथला रोलर कोस्टर) वगैरे जे काय करायचंय ते करून घ्यायचं. एक जण पोराजवळ, एक जण राईडवर. उठल्यावर परत छोटं खाणं. संध्याकाळी पाच-साडेपाचला अजून एकदा, कारण परतीच्या वाटेवर एक्सप्रेसवेला ट्रॅफिक कधी लागेल सांगता येत नाही.

खाणं झाल्यावर लगेच गोल फिरणाऱ्या राईडवर नको, अर्धा तास जाऊ द्या. कॅरोसेलमध्ये काय होतंय असं वाटतं, पण एवढ्याशा पोटाला तेवढं पुरतं.

आत विकत काय घ्यायचं

डबा आत नेऊ दिला नाही किंवा पोराने डब्याकडे बघितलंच नाही, तर आतलं घ्यावं लागतं, त्यात एवढं टेन्शन घेऊ नका, एक दिवस आहे. शोधायचं ते साधं आणि ताजं गरम. साधी इडली, साधा डोसा (मसाला डोसा असेल तर बटाट्याची भाजी वेगळी द्यायला सांगा), साधा भात आणि दही, पिवळी डाळ, तंदुरी रोटी बटर लावून. काउंटरवर "लहान मुलासाठी आहे, तिखट नको" असं सांगितलं की बहुतेक लोक "हो हो तिखट नाहीये" म्हणतात. त्यावर विश्वास ठेवू नका, आधी स्वतः एक घास खाऊन बघा. आपल्याला अजिबात तिखट न लागलेलं पोराला झोंबतं, आणि एकदा जीभ पोळली की त्या दिवशी चमचा दिसला तरी तोंड मिटतं. पास्ता-नूडल्समध्ये मिरेपूड असते हे विसरायला होतं. फ्रेंच फ्राईज चालतील, खरंच चालतील, मीठ न घालता मागा, निवू द्या, आणि सोबत दही किंवा केळं जोडून द्या. आईस्क्रीम जेवणाच्या बदल्यात बक्षीस म्हणून लावू नका ("भात खाल्लास तर आईस्क्रीम" म्हटलं की भात म्हणजे शिक्षा हे पोराला लगेच कळतं), द्यायचंच आहे तर दुपारच्या छोट्या खाण्याबरोबर सरळ देऊन टाका.

बर्फाचा गोळा, उघडी कापून ठेवलेली फळं, चटणी, उघड्या जगमधलं सरबत, हे पार्कात काय, रस्त्यावरच्या टपरीवर काय, या वयाला नकोच. फळ हवं तर साल असलेलं घ्या आणि स्वतः सोला.

आता एक गोष्ट मात्र चेष्टेत घेऊ नका. पॉपकॉर्न. पार्कात जिथे बघावं तिथे पॉपकॉर्नची गाडी असते आणि चार वर्षांच्या आतल्या मुलाला पॉपकॉर्न देऊच नये, घशात अडकतं. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, कडक गोळ्या, लॉलीपॉप, हे पण त्याच यादीत. द्राक्षं उभी चिरून चार तुकडे, आडवी गोल चकती नको कारण ती घशात बुचासारखी अडकू शकते. कॉर्न कपातले दाणे चमच्याने चेचून द्या. साबुदाणा खिचडीत शेंगदाण्याचं कूट आहे की अर्धवट भरड ते बघा. आणि खाताना पोर बसलेलं हवं, पळत, हसत, टबीच्या मागे धावत नाही, राईडच्या लाईनीत खांद्यावर बसून तर मुळीच नाही. अडकलंच आणि खोकता येत नसेल, आवाज फुटत नसेल, तर पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मधोमध तळहाताने ५ जोरात थापा, सुटलं नाही तर मागून बेंबीच्या वर मूठ धरून ५ वेळा आत-वर दाबायचं (हे वर्षाच्या वरच्या मुलांसाठी, त्याहून लहान बाळाला पोट दाबायचं नाही), आलटून पालटून, आणि एकाने तेवढ्यात मदतीला हाक मारायची. निघायच्या आदल्या रात्री दोघांनी याचा एखादा नीट व्हिडिओ बघून ठेवा, पाच मिनिटं लागतात.

पाणी

खाणं कमी गेलं तर चालतं, पाणी नाही. दोन-तीन वर्षांच्या मुलाला दूध, जेवण, फळं सगळं धरून दिवसाला साधारण सव्वा लिटर द्रव लागतो आणि उन्हात फिरताना त्याहून जास्त. "पाणी पितोस का?" विचारलं की उत्तर नाही असणार, त्यामुळे विचारू नका, बाटली नुसती पुढे धरा, दर राईडच्या आधी आणि नंतर दोन घोट. नेहमीचीच सिपर न्या, नवीन बाटलीची हौस त्या दिवशी नको. लघवी किती वेळा आणि कसल्या रंगाची यावर लक्ष ठेवा, चार-पाच तास डायपर कोरडाच असेल किंवा गडद पिवळी होत असेल तर राईड बंद, सावलीत बसा.

जुलाब-उलट्या झाल्या तर उपयोगी पडावं म्हणून ओआरएसची पाकिटं बॅगेत असू द्या, पण खरी, डब्ल्यूएचओच्या फॉर्म्युल्याची, मोठं पाकीट असेल तर पूर्ण १ लिटर पाण्यात एकदम कालवायचं, अर्धं पाकीट अंदाजाने ग्लासात नाही. छोटं असेल तर त्यावर लिहिलेल्या मापात. दुकानात त्याच्याच शेजारी मिळणारी गोड, फळांच्या चवीची टेट्रापॅक ड्रिंक्स म्हणजे ओआरएस नव्हे, त्यात साखर भरपूर असते आणि जुलाबात ती उलट बाधते, ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने) अशा पेयांच्या नावात ओआरएस वापरायला बंदी घातली ती त्यामुळेच. नुसत्या उन्हाने दमलेल्या पोराला पाणी, ताक, शहाळं पुरे.

आजी, आत्या आणि शेजारच्या टेबलावरच्या काकू

ग्रुपने जाणार असाल तर खरी परीक्षा इथे. चुलत भावंड बर्गर खातंय, आत्या म्हणतेय बघ तो कसा खातो शहाण्यासारखा, आजी पदराआड चॉकलेट सरकवतेय, आणि शेजारच्या टेबलावरच्या अनोळखी काकू सांगतायत की आमचा या वयात दोन पोळ्या खायचा. आत्याला प्रेमाने काम द्या, आत्या तुम्ही जरा पाण्याची बाटली सांभाळा बाई, तुमच्या हातून पितो तो. आजींना आदल्या दिवशीच सांगा की चॉकलेट तुमच्याच हातून देऊ, पण चार वाजता. म्हणजे त्यांचाही मान राहतो आणि चॉकलेट जेवणाच्या तोंडावर येत नाही. काकूंना फक्त हसायचं.

मोबाईल दाखवून भरवावं का? घरी सवय असेल तर एका दिवसात मोडायला जाऊ नका आणि सवय नसेल तर त्या दिवशी सुरू करू नका, एवढंच. खरं तर इथे मोबाईलची गरज पडत नाही, भिंतीकडे तोंड करून बसवलं की काम होतं, म्हणजे राईड आणि गर्दी पोराच्या पाठीमागे आणि समोर फक्त आपण. टेबल निवडताना हे बघा. आणि चिऊ-काऊचा घास अजूनही चालतो, लाज वाटू देऊ नका.

अमेरिकेतल्या लोकांसाठी थोडं

फ्लोरिडाच्या डिस्नी वर्ल्डला जाणाऱ्या मराठी मंडळींचं काम याहून खूप सोपं आहे. तिथे स्वतःपुरतं खाणं आत न्यायला परवानगी आहे, काचेच्या बरण्या नकोत (बेबी फूडच्या छोट्या बाटल्या सोडून), सुटा बर्फ किंवा ड्राय आइस नको, जेलचे आइस पॅक चालतात. त्यामुळे दशम्या, थेपले, पोहे बिनधास्त न्या. चारही पार्कांत बेबी केअर सेंटर आहे, तिथे मायक्रोवेव्ह, हाय चेअर, दूध पाजायला वेगळी खोली, सगळं मिळतं, आणि खरं सांगायचं तर गर्दीतून पोराला शांत जागी नेऊन भरवायला त्याच्यासारखी जागा नाही. तीन वर्षांच्या आतल्या मुलाला तिकीट नाही, आणि बुफेत ते तुमच्याबरोबर फुकट खातं, म्हणजे ज्याला चार प्रकार नुसते बघून नाकारायचे असतात त्याच्यासाठी बुफे बरा, पैसे वाया गेले म्हणून आपला जीव जळत नाही. काउंटरवर गार पाणी मागितलं की फुकट देतात. भारतातून आजी-आजोबा येताना खाऊ आणणार असतील तर ताजी फळं नकोत आणि जे काय खायचं आणलंय ते कस्टम्सला सांगून टाकायला लावा, लाडू पकडले गेले म्हणून कुणी ओरडत नाही पण लपवले म्हणून दंड होतो.

परत येताना

निघायच्या आधी पार्किंगमध्येच पोराचे हात-तोंड पुसा, कपडे बदला, आणि गाडी सुरू व्हायच्या आधी जे काही जाईल ते जाऊ द्या. पुण्याकडे जाणाऱ्यांनी परत तेच, दूध घाट चढून गेल्यावर. फूड मॉलवर थांबणार असाल तर पोर झोपलं असल्यास एकाने गाडीत बसायचं (एसी चालू, पोराला एकटं सोडायचं नाही) आणि दुसऱ्याने जाऊन वडापाव आणायचे. झोपलेल्याला जेवायला उठवू नका. घरी पोचल्यावर अर्धवट जागं झालं तर कोमट दूध, नाहीतर मऊ तूप-मीठ-भात दोन घास, दूध झाल्यावर ओल्या कपड्याने दात पुसून सरळ झोपवा. उरलेला सकाळचा डबा, त्यातलं उरलेलं खिमट, अर्धी प्यायलेली दुधाची बाटली, हे सगळं त्याच रात्री फेकून द्या, सकाळी गरम करून नाश्त्याला देऊ नका. दुसऱ्या दिवशी बऱ्याचदा पोर सकाळपासून खा-खा करतं, तेव्हा द्या हवं तेवढं, आणि नाहीच केलं तरी दोन-तीन दिवसांत गाडी रुळावर येते. तोपर्यंत उलट्या, ताप किंवा पातळ शी सुरू झाली, पोर मलूल पडलं किंवा पाणीही पोटात ठरेना, तर मात्र घरगुती उपाय करत बसू नका, डॉक्टरांकडे न्या आणि कालपासून काय काय खाल्लं ते क्रमाने सांगा.